जुन्या प्रती वाढव

आमच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. काही मोठं बिघडलं, की ते निस्तरून झाल्यावर अहवाल लिहायचा आणि त्यात कुणाचंही नाव घालायचं नाही. चूक माणसाची नसते, व्यवस्थेची असते, असं धरून चालायचं. नोकरीत मी असे पुष्कळ अहवाल लिहिले. माझे अहवाल नव्या मुलांना वाचायला देत असत, इतके ते नीटनेटके असायचे. त्यातल्या एका अहवालातलं एक वाक्य खोटं आहे. त्या वाक्यापर्यंत मी येणारच आहे. पण आधी धंदा काय ते सांगायला हवं, कारण ज्या शिरोड्यात बसून मी तो केला, तिथे तो अजून कुणालाही कळलेला नाही.

मी शिरोड्याच्या बाजारातल्या एका किराणा दुकानदाराची एकुलती एक मुलगी, सुमती. लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही हा या लेखाचा विषय नाही. बावीस वर्षं पुण्यात काढली. आई गेली तेव्हा बाबा एकटे पडले. तोवर घरून काम करायची सोय झाली होती, म्हणून लॅपटॉप उचलला आणि दुकानाच्या माडीवर येऊन बसले. खाली बाबा गूळ-शेंगदाणे मोजायचे, वर मी क्लाउड सांभाळायची.

आमच्या कंपनीचा माल म्हणजे ‘हेडलेस’ कंटेंट मॅनेजमेंट. हे नाव मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी तराजू खाली ठेवला.

“म्हणजे मुंडक्याशिवाय?”

“हां. तसाच कायतरी.”

त्या दिवसापासून गिऱ्हाइकानं मुलीबद्दल विचारलं, “चेडू काय करता मगे?” की बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “बिनमुंडक्याचो धंदो करता.” आमच्याकडे बिनमुंडक्याचं म्हटलं की माणसाला तिन्हीसांजेच्या पाणंदीतलं भूत आठवतं. त्यामुळे पुढे कुणी जास्त विचारत नसे.

खरं तर ही गोष्ट बाबांना मी त्यांच्याच भाषेत सांगितली आणि त्यांना ती चटकन कळली. पूर्वी वेबसाइट म्हणजे दुकान असे. पुढे गिऱ्हाइकासमोरची फळी, मागे गोदाम, दोन्ही एकाच भिंतीत. फळी बदलायची तर गोदामही हलवावं लागे. आम्ही काय केलं, फळी काढूनच टाकली. नुसतं गोदाम ठेवलं. त्यात मजकूर, फोटो, वेळापत्रकं, जे काय असेल ते नीट लावून ठेवायचं. मग कुणी त्याला वेबसाइटचं तोंड लावो, कुणी मोबाइलचं, कुणी एसटी स्टँडवरच्या पडद्याचं. माल एकच, तोंडं हवी तेवढी. फळी नाही म्हणून हेडलेस.

आता गोदाम समजा मुंबईत आहे आणि गिऱ्हाईक शिरोड्यात. प्रत्येक वेळी पाव किलो साखरेसाठी मुंबईला माणूस धाडायचा का? नाही. म्हणून ठिकठिकाणी बरण्या भरून ठेवायच्या. म्हणजे गोदामातल्या मजकुराच्या प्रती गिऱ्हाइकाच्या जवळपास ठेवायच्या. माणसानं मोबाइलवर बोट ठेवलं की त्याला बरणीतलं मिळतं, तेही पापणी लवायच्या आत. प्रत्येक प्रतीला मुदत असते, आमच्याकडे बहुतेक दहा मिनिटांची. मुदत संपली की बरणी रिकामी करायची आणि गोदामातून ताजा माल आणायचा.

बाबा म्हणाले, “आणि गोदामात भाव बदललो, पण बरणयेर जुनीच चिठी ऱ्हवली तर?”

सत्तर वर्षांच्या, आठवी शिकलेल्या माणसानं आमच्या शास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न दोन मिनिटांत विचारला होता. मी म्हटलं, “त्याचसाठी माका पगार देतत.”

या धंद्यात गमतीही पुष्कळ झाल्या. एका आंबा महोत्सवाचं काम आमच्याकडे होतं. फोटो ज्या पडद्यावर जाईल त्या मापात आपोआप कापला जावा, अशी सोय आम्ही मोठ्या अभिमानानं केली होती. यंत्र फोटोचा मधला भाग ठेवायचं आणि वरखालचं कापायचं. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या पडद्यांवर प्रमुख पाहुण्यांचा हार, पोट आणि आंब्याची पेटी दिसत होती. मुंडकं कुठेच नाही. आयोजकांचा फोन आला, “मॅडम, तुम्ही हेडलेस म्हणाला होता, पण आम्हाला वाटलं ते नुसतं नाव असेल.”

दुसरे एक होते पेढेवाले. सहा गावांत दुकानं. करार झाल्यावर ते पुण्याच्या ऑफिसात नारळ, उदबत्ती, हळदकुंकू घेऊन हजर. “क्लाउड कुठे आहे? नारळ वाढवायचाय.” क्लाउड इथे नाही, भाड्यानं घेतलेल्या दूरच्या यंत्रांत आहे, हे सांगून त्यांचं समाधान होईना. शेवटी ज्यातून आमचं इंटरनेट येत होतं त्या पेटीसमोर नारळ वाढवला. पाणी नेमकं खालच्या विजेच्या बोर्डात गेलं आणि अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट अर्धा तास गेलं. क्लाउडला मात्र काही झालं नाही, त्यांची दुकानं सुरळीत चालू होती. पेढेवाले म्हणाले, “बघा, नारळ लागला.”

नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. आमच्या घरात या बाबतीत बाबा फार कडक. बांगडी फुटत नसे, वाढत असे. देवापुढचा दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. आणि दुकान तर कधीच ‘बंद’ व्हायचं नाही. संध्याकाळी फळ्या लावताना बाबा माडीकडे तोंड करून म्हणायचे, “सुमा, दुकान वाढयतंय गो.” लहानपणी मला वाटायचं, दुकान रोज रात्री थोडं मोठं होतं. सकाळी मी जाऊन बघायची. तेवढंच असायचं.

बाबा गणपतीनंतर गेले. तीन दिवस आजारी होते, चौथ्या दिवशी गेले.

त्यानंतरचं घर मी कसं सांगू? दिवसभर मी बोलतच असायची, पण खोलीत दुसरं कुणी नसायचं. पडद्यावर काळे चौकोन, प्रत्येकात एक नाव. मीटिंग संपली की चौकोन एकेक करून जायचे आणि शेवटी माझाच चेहरा मला दिसायचा. जेवताना समोर लॅपटॉप. यंत्रं ठीक असली की हिरवे ठिपके दिसतात आमच्याकडे, ते ठिपके बघत मी भात खायची. आमच्या व्यवस्थेत एक सोय असते. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला दर थोड्या वेळानं विचारतं, आहेस का? ते म्हणतं, आहे. उत्तर आलं नाही की लगेच धावपळ. मला तेव्हा वाटायचं, हे मी शेकडो यंत्रांसाठी करून ठेवलं, पण मी दोन दिवस खाली उतरले नाही तर कुणाला कळणार?

एकाच माणसाला कळलं असतं. इसाकचाचांना. आमच्या घरामागच्या माडांच्या पलीकडे त्यांचं घर. तीन पिढ्या मासेमारी. लहान होडी, मागे इंजीन, बहुतेक वेळा एकटेच जाणारे. बाबांचे दोस्त. बाबा गेल्यावर त्यांनी एक नेम धरला. रोज सकाळी किनाऱ्याकडे जाताना रस्त्यावरून हाक द्यायची.

“आसस गो?”

मी खिडकीतून म्हणायची, “आसंय.”

मग ते खिशातला फोन वर करून दाखवायचे. “आज काय सांगता तुझा मुंडक्याबगरचा?”

कारण तेव्हा आमचं एक गिऱ्हाईक किनारपट्टीसाठी माहितीचं अॅप चालवत होतं. समुद्र कसा, वारा किती, बाजारात भाव काय, सगळं त्यात. गोदाम आमचं, तोंड त्यांचं. ते चाचांच्या फोनवर मीच घालून दिलं होतं. वर सांगितलं होतं, “चाचा, ह्यां बगल्याशिवाय दर्यात जाव नकात. ह्यां माझा काम आसा.” इतक्या वर्षांत मी केलेलं काम गावातल्या एका माणसाच्या हातात पहिल्यांदाच दिसत होतं. मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

आता तो दिवस.

दसरा होऊन गेला होता. मी दुकान काढून टाकायचं ठरवलं होतं. चालवणार कोण? इन्सुलीला हायवेवर नवं दुकान टाकणारे एक गृहस्थ बाबांची फळी, मांडणी, बरण्या आणि तराजू न्यायला टेम्पो घेऊन आले होते. वेळ दुपारी बाराची. त्याच सकाळी हवामानाचा नवा इशारा आला होता, संध्याकाळपासून समुद्र खवळणार म्हणून. अॅप बघणाऱ्यांची गर्दी एकदम वाढली आणि आमच्या गोदामावर ताण आला. मी सकाळीच दोन यंत्रं जास्तीची जोडली आणि खाली उतरले. मला वाटलं, झालं काम.

माझ्या हाताखाली तेव्हा अतुल होता. नागपूरचा, तिशीचा, अतिशय सरळ मुलगा. पाच वर्षं आम्ही रोज बोलत होतो आणि एकदाही भेटलो नव्हतो. बाबा गेले तेव्हा कंपनीतून फुलांचं चित्र आलं, अतुलचा मात्र फोन आला आणि तो काहीच न बोलता बराच वेळ नुसता थांबला. तसं थांबणं सोपं नसतं.

टेम्पोवाले बाबांची फळी उचलत होते. त्या फळीवर बाबांच्या कोपराच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं. ते गृहस्थ मला विचारत होते, “बाय, दुकान वाढवलंस मगे कायमचा?” मी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला. अतुलचा मेसेज. ऑफिसच्या ठरलेल्या जागी नव्हे, आमच्या दोघांच्या खासगी गप्पांत, कारण मी लॅपटॉपपाशी नाही हे त्याला माहीत होतं.

“ताई, लोड लय होऊन राहिला. जुन्या प्रतींचं काय करू?”

मी एका हातानं मांडणी सावरत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिलं, “वाढव.”

वाचकहो, एरवी मी इंग्रजी शब्द लिहिते. ‘पर्ज कर’, म्हणजे टाकून दे, पुसून टाक. रोज तोच लिहायची. त्या दिवशी माझ्या बोटातून बाबा बोलले. माझ्या मनात होतं, जुन्या प्रती संपव, बरण्या रिकाम्या कर, ताजं येऊ दे. जोडलेली यंत्रं भार उचलतील.

अतुलला ती यंत्रं माहीत नव्हती. त्यानं शब्द वाचला तसा घेतला. गोदामावर ताण आलाय, तेव्हा प्रतींची मुदत वाढवायची, म्हणजे बरण्या लवकर रिकाम्या होणार नाहीत आणि गोदामाकडे कमी लोक येतील. हाही या धंद्यातला रीतसर उपाय आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्यानं दहा मिनिटांची मुदत चोवीस तास केली. ताण उतरला, ठिपके हिरवे झाले. त्यानं मला अंगठा पाठवला. मी तो पाहिला आणि फोन कमरेला खोचला.

गोदामावर ताण असला की ताजा माल येईपर्यंत मुदत संपलेली बरणीही जुनंच देत राहते, त्यामुळे बरण्यांमधल्या कितीतरी प्रती अजून सकाळच्या होत्या, इशाऱ्याच्या आधीच्या. त्यांना आता दुसऱ्या दिवसापर्यंत आयुष्य मिळालं होतं.

चार वाजता हलीमाचाची आल्या. चाचांची बायको. रिकाम्या दुकानाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “गो सुमा, टीव्हीर वादळ सांगतत. ह्यांच्या फोनार तर शांत म्हणान होता. ते तीन वाजताच गेले.”

चाचींच्या स्वतःच्या फोनवरही तेच अॅप होतं; मी तो त्यांच्या हातातून घेतला. अॅप उघडलं. ‘समुद्र शांत. मासेमारीस हरकत नाही.’ खाली बारीक अक्षरात, शेवटचा बदल सकाळी सात वाजता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर मी माझं स्वतःचं अॅप एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

मी अतुलला फोन लावला. “जुन्या प्रती अजून आहेत! मी तुला वाढव म्हटलं होतं ना?”

“वाढवली ना ताई. चोवीस तास केली मुदत.”

त्या क्षणी मला सगळं कळलं. मी फक्त म्हटलं, “सगळ्या पर्ज कर. आत्ता.”

दोन मिनिटं लागली त्याला. देशभरच्या बरण्या दोन मिनिटांत रिकाम्या झाल्या, ताजा माल भरला. आमचं तंत्र खरोखरच चांगलं आहे. चाचीच्या हातातल्या फोनवर लाल पट्टी आली, ‘समुद्रात जाऊ नये.’ चाचींनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता कित्याक? काय उपेग?”

चाचांचा फोन रेंजमध्ये नव्हता. मी बंदरात कळवलं, जिथे जिथे सांगता येईल तिथे सांगितलं आणि चाचीबरोबर किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. वारा सुरू झाला होता. तिथे आणखी माणसं होती, पण आम्हा दोघींपाशी कुणी आलं नाही. चाची तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होत्या. माझ्याकडे म्हणायला काही नव्हतं. एखादं यंत्र उत्तर देईनासं झालं तर काय करायचं याची माझ्याकडे पानंच्या पानं लिहिलेली होती. इथे नुसतं उभं राहायचं होतं.

दिवेलागणीला होडी दिसली. वर येत होती, नाहीशी होत होती, पुन्हा वर येत होती. माणसं पाण्यात धावली, होडी ओढून घेतली. चाचा उतरले. उजव्या हाताला दोरानं कापलं होतं. सगळी जाळी त्यांनी कापून दर्यात सोडली होती, तेव्हा कुठे परत फिरता आलं. ते वाळूत बसले, पाणी प्याले. मग मला पाहिलं.

“वारो माका सांगी होतो गो,” ते म्हणाले. “दुपारीच सांगी होतो. पण तुझो फोन शांत म्हणा होतो. मी म्हटलंय, चेडू खोटा सांगूचा नाय.”

रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत जाऊन बसले. चाचा गेले, किनाऱ्याकडेच. मान खाली घालून. हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भेटले की “बरी मा?” एवढं विचारायचे, बाजारात विचारतात तसं. ‘आसस गो?’ मात्र परत कधी ऐकू आलं नाही. फोन ते खिशात ठेवतच राहिले, पण आता फक्त बोलायला.

अहवाल मी लिहिला. कारणांच्या रकान्यात तिसरं वाक्य असं होतं, ‘संबंधित अभियंत्याचा सूचनेबाबत गैरसमज झाला.’ शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी इतकी शहाणी, की तो मार मी दुसऱ्याच्या पाठीवर दिला. नाव घातलं नव्हतं. पण ‘संबंधित अभियंता’ एकच होता.

त्यावर मीटिंग झाली. पंधरा-सोळा काळे चौकोन. गिऱ्हाइकाची माणसं होती, आमचे वरचे साहेब होते. सूचना काय होती, कुणी दिली, कोणत्या शब्दात, हे कुणी खोलात विचारलं नाही, कारण ठरलेल्या जागी ती नव्हतीच. ती आमच्या खासगी गप्पांत होती आणि तो पडदा फक्त दोघांकडे होता. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, “अतुल, तुला काही सांगायचंय?”

तो थांबला. बाबा गेले तेव्हा फोनवर थांबला होता तसाच. मग म्हणाला, “नो, सर.”

तीन महिन्यांनी त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी त्याचा मेसेज आला, “ताई, येतो.” निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, एवढा अशुभाचा धाक त्यालाही घरून मिळाला होता. मी अंगठा पाठवला.

का बोलले नाही? पुष्कळ कारणं मी स्वतःला सांगितली. खरं एकच होतं. नोकरी गेली असती तर दिवसभरात मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नसतं. चाचांची हाक गेली होती, बाबांची गेली होती. राहिले होते ते काळे चौकोन. तेही जातील, याची मला भीती वाटली. माणूस एकटं पडलं की घाबरट होतं, आणि आपला घाबरटपणा दुसऱ्याला महागात पडला तरी त्याला तो दिसत नाही.

त्यानंतर मी आणखी तीन वर्षं काम केलं. चांगलं केलं. खासगी गप्पांत एकही सूचना द्यायची नाही, असा नियम मीच करून घेतला. त्याबद्दल माझं कौतुक झालं.

गेल्या मार्चमध्ये मी निवृत्त झाले. शेवटच्या दुपारी कंपनीतल्या एका मराठी मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमचं अकाउंट बंद करू ना?” मी ‘वाढव’ लिहिलं. पाहत राहिले. मग पुसलं आणि लिहिलं, ‘बंद कर.’ पडद्यावरून हिरवे ठिपके गेले. खोलीत पंख्याचा आवाज राहिला.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेले. चाचा होडीच्या सावलीत नवं जाळं विणत बसले होते. मी समोर वाळूत बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फळी, टेम्पो, एका हाताचा अंगठा, तो एक शब्द. यंत्र चुकलं नव्हतं, मी चुकले होते, हे सांगितलं. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं.

“वाढव म्हटलंस,” ते म्हणाले. “मगे बरोबरच म्हटलंस. दिवो वाढव म्हणतत, तसा. माका कळला असता.”

“तुमका कळला असता चाचा. तेका नाय कळला.”

“तो नागपूरचो. तेका तू सांगलंस?”

“नाय.”

चाचांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा नीट पाहिलं त्या दिवसानंतर. “जाळी माझी गेली, ती मी परत विणलंय. तेचा काय गेला ता तेका ठावक. मगे माका कित्याक सांगतंस?”

मी घरी आले. माडीवर बसले. अतुलचा नंबर तोच होता. आमच्या गप्पांत सगळ्यात खाली त्याचं ‘ताई, येतो’ आणि माझा अंगठा, तसेच पडून होते. त्याखाली मी लिहिलं, अतुल, त्या दिवशी वाढव म्हणजे बंद कर असं मला म्हणायचं होतं. आमच्या घरात तसं म्हणतात. चूक तुझी नव्हती, माझी होती. मी ती तुझ्यावर घातली.

तासाभरानं उत्तर आलं.

“माहीत होतं ताई. त्याच संध्याकाळी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, दुकानदाराच्या घरचा शब्द आहे.”

मग थोड्या वेळानं आणखी एक.

“मीटिंगमध्ये तुम्ही सांगाल असं वाटलं, म्हणून मी गप्प बसलो होतो.”

यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. अहवाल कंपनीच्या गोदामात आहे आणि माझ्याकडे आता त्याची किल्ली नाही. म्हणून तिसरं वाक्य इथे दुरुस्त करते. हा अंक छापून आला की पहिली प्रत नागपूरला जाईल. संबंधित अभियंत्याचा कोणताही गैरसमज झाला नाही. त्यानं सांगितलं ते केलं. सांगितलं ते मी, सुमतीनं, आणि चुकीचं सांगितलं.